आधी मुके व्हावे लागते

बँकेच्या नोकरीत बढतीचा कागद हातात पडला की पाठोपाठ परप्रांतातल्या बदलीचा कागद यायचा. माझ्या नोकरीच्या काळात अशा बदल्या मी पुष्कळ पाहिल्या आणि बदलून गेलेल्या मराठी अधिकाऱ्यांचे सरळ दोन प्रकार मला दिसले. पहिला प्रकार बिऱ्हाडासकट जाणाऱ्यांचा. मदुराईला गेले तरी घरात गोडा मसाला, दिवाळी अंकांचे गठ्ठे आणि मराठी गप्पा. शाखेत इंग्रजीवर काम भागे. तीन वर्षांनी परत येताना त्यांच्याजवळ तमिळचे दहा-बारा शब्द असत, तेही रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यापुरते. दुसरा प्रकार एकट्याने जाणाऱ्यांचा. मुलांच्या शाळेमुळे बिऱ्हाड मुंबईतच ठेवावे लागलेले. हा गृहस्थ खाणावळीत जेवे, संध्याकाळी शाखेतल्या शिपायाबरोबर चहाच्या टपरीवर उभा राही, आजारी पडला तर घरमालकिणीला आपले दुखणे तिच्या भाषेत समजावून सांगे. सहा महिन्यांत तो तमिळमधून भांडू लागे. ज्या भाषेत माणसाला भांडता येते ती भाषा त्याला आली, असे खुशाल समजावे.

दोघांच्या बुद्धीत काही फरक नव्हता. उलट महिनाभरात भाषा शिकवण्याचे आश्वासन देणारे पुस्तक पहिल्याच्याच कपाटात असे. फरक एवढाच, की दुसऱ्याशी मराठीत बोलायला तिथे कोणी नव्हते.

हे जुने शहाणपण आता जगातल्या विद्यापीठांत रीतसर फी घेऊन शिकवले जाते. विद्यार्थ्याने त्या देशात जायचे. सकाळी वर्गात, दुपारी बाजारात, रात्री वसतिगृहात तीच एक भाषा बोलायची. काही ठिकाणी तर पहिल्याच दिवशी कागदावर सही घेतात, की अभ्यासक्रम संपेपर्यंत मी दुसऱ्या कोणत्याही भाषेत तोंड उघडणार नाही. गावाकडे मुलांना पोहायला शिकवताना पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत सोडतात. इथे तो डबाही काढून घेतात. बुडा किंवा पोहा.

हा विषय माझ्या डोक्यात घोळू लागला तो वाकोल्याच्या आमच्या इमारतीतल्या एका मुलीमुळे. तिचे नाव इथे देत नाही, कारण ‘काका, लिहा खुशाल, पण नाव नको’ असे तिने बजावले आहे. वडील रेल्वेत, आई शाळेत शिक्षिका, घरात ऐंशीच्या आसपासची आजी. मुलगी बी.कॉम. झाली आणि कोणाला न विचारता शनिवार-रविवारच्या चिनी भाषेच्या वर्गाला जाऊ लागली. दोन वर्षांनी, २०२३ साली, तिला तैवान सरकारची भाषा शिकण्यासाठीची शिष्यवृत्ती मिळाली आणि ती सहा महिन्यांसाठी तैपेईला निघाली.

इमारतीत चर्चा व्हायचीच. ‘जपानी शिकायचं होतं, जर्मन शिकायचं होतं. चिनी कशाला?’ हा पहिला प्रश्न. ‘शत्रूची भाषा शिकून काय करणार?’ हा दुसरा. ‘खाणार काय?’ हा तिसरा, आणि खरी काळजी यातच होती. यातल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांत सोपे निघाले. तैवानमध्ये बौद्ध परंपरेमुळे शाकाहारी खाणावळी भरपूर आहेत आणि त्यांतल्या अनेकांत कांदा-लसूणही वर्ज्य असते. आजीच्या चातुर्मासाला तिथे काही अडचण आली नसती.

मला गंमत वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. हे प्रश्न वाकोल्यात विचारले जात होते. वाकोल्यात ईस्ट इंडियन कुटुंबे आपली जुन्या वळणाची मराठी जपून आहेत, बाजारात जौनपूरचा भाजीवाला ‘ताई, कोथिंबीर ताजी आहे’ म्हणतो, उडप्याच्या हॉटेलात लहानपणी कामाला आलेला माणूस आज गल्ल्यावर बसून फर्डे मराठी बोलतो. यांपैकी कोणी कुठला वर्ग लावला नव्हता. पोटासाठी आले, मुकाट्याने ऐकत राहिले, चुकीचे बोलले, लोक हसले, आणि एक दिवस बरोबर बोलू लागले. त्यांना ‘मराठी शिकून काय करणार?’ असे कोणी विचारले नाही. आपली पोर उलट्या दिशेने निघाली की मात्र आपण हिशेब मागतो.

आता ती तिथे काय शिकली ते सांगतो. चिनी भाषेत सूर हा अर्थाचा भाग असतो. ‘मा’ हा एकच उच्चार घ्या. सूर उंच सपाट ठेवला तर आई, चढवत नेला तर ताग, खाली नेऊन पुन्हा वर आणला तर घोडा, आणि वरून खाली आपटला तर शिव्या देणे. शब्द पाठ असून सूर चुकला की समोरचा माणूस नुसता बघत राहतो. लिपीचे ओझे वेगळेच. १९८८ साली चीन सरकारने नेहमीच्या वापरातील चिन्हांची यादी केली तीच ३५०० चिन्हांची. त्यात आणखी एक फेच. चीनने १९५६ पासून ही चिन्हे सोपी करायला घेतली, तर तैवानने जुनी, भरगच्च वळणाचीच ठेवली. मुंबईच्या वर्गात घोटलेली कितीतरी अक्षरे तैपेईच्या पाट्यांवर तिला ओळखू येईनात.

मराठी माणसाला मात्र या भाषेत एक आयता फायदा आहे, तो तिने मला वर्गात शिकवावा तसा शिकवला. ‘प’ आणि ‘फ’, ‘त’ आणि ‘थ’, ‘क’ आणि ‘ख’ हा श्वासाचा फरक चिनी भाषा काटेकोरपणे पाळते. तिच्या वर्गातल्या अमेरिकन मुलांचा त्यापायी जीव जाई. आपल्याला तो बाळपणापासून येतो. दुसरे म्हणजे ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च वेगळे आहेत, हे मराठी मुलाला सांगावे लागत नाही. चिनीतही हे दोन्ही च आहेत. हिंदी बोलणाऱ्या मुलाला पहिला च कमवावा लागतो, आपल्याला तो फुकट मिळालेला असतो. आपल्या भाषेजवळ काय आहे ते दुसऱ्याच्या भाषेत गेल्यावर असे कळते.

माझ्यासारख्या बँकवाल्याला तिने खास खाऊही आणला. चिनी लिपीत एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. एकावर एक उभी रेघ मारली की झाले दहा. म्हणजे चेकवरचा एकाचा आकडा पेनाच्या एका फटकाऱ्यात दहा करता येईल! म्हणून बँकेच्या कागदांवर आकड्यांसाठी वेगळीच, जड आणि गुंतागुंतीची चिन्हे वापरतात, ज्यांत काही घुसडता येत नाही. आणि रकमेच्या शेवटी एक शब्द लिहितात, ‘पूर्ण’ अशा अर्थाचा. आपण पावतीवर ‘अक्षरी रुपये’ लिहून शेवटी ‘फक्त’ लिहितो, तोच हा प्रकार. हिमालयाच्या अलीकडे आणि पलीकडे माणसाचा माणसावर अविश्वास सारखाच, आणि त्यावरचा उपायही सारखाच. मला हे ऐकून फार बरे वाटले. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची जी पद्धत १९५८ मध्ये चीनने स्वीकारली, तिच्यामागचे प्रमुख नाव चौ यूक्वांग यांचे. हे गृहस्थ मूळचे बँकेतले आणि अर्थशास्त्रातले. २०१७ मध्ये ते वारले तेव्हा १११ वर्षांचे होते. बँकेतल्या माणसाने भाषेत लुडबूड करू नये असे म्हणणाऱ्यांसाठी हे नाव मी लक्षात ठेवले आहे.

पण सूर, लिपी, आकडे हे सगळे पुस्तकातही सापडते. तिला जे सोसावे लागले ते पुस्तकात नव्हते. ‘काका, पहिला महिनाभर मी तिथं मंद होते,’ ती म्हणाली. ‘इथं मी चारचौघांत विनोद करते, कोणी काही बोललं तर उलटून उत्तर देते. तिथं मला दुकानात ‘साखर कमी घाला’ एवढं सांगायला आधी मनात तीनदा घोकावं लागायचं. मग तो मुलगा बर्फाचं विचारायचा आणि मी गप्प. माझ्यातली मी कुठं गेली तेच कळेना.’

नवी भाषा शिकायला लागणारी खरी किंमत हीच आहे असे मला वाटते. आपल्या मध्यमवर्गीय घरांतली मुले हुशार म्हणून वाढवलेली असतात. चूक होईल तिथे बोलायचे नाही, हात वर करायचा तो उत्तर पक्के असेल तेव्हाच, हे शिक्षण बालवाडीपासूनचे. अशा मुलाला एकवीस-बाविसाव्या वर्षी तीन वर्षांच्या पोराच्या पातळीवर उतरायचे असते आणि तिथे काही महिने राहायचे असते. लोक हसणार, मोठ्याने सावकाश बोलणार, कीव करणार. या मुक्या दिवसांतून जो पळून जात नाही त्यालाच पुढे तोंड फुटते.

आणि पळून जाण्याची वाट आज प्रत्येकाच्या खिशात आहे. इथे मूळ मुद्दा आला.

पहिले पंधरा दिवस आई रोज रात्री नऊला, जेवणे उरकली की, तिला व्हिडिओ कॉल लावी. तिथे तेव्हा साडेअकरा वाजलेले असत. तासभर बोलणे होई. काय खाल्लेस, अंगावर पांघरूण पुरेसे आहे का, खालच्या मजल्यावरच्यांनी ग्रिल बसवली, अमकीचे लग्न ठरले. बोलणे सगळे मायेचे. पण दिवसभर चिनीत धडपडलेली मुलगी त्या तासात पुन्हा वाकोल्यात येऊन बसे, पुन्हा हुशार आणि विनोदी होई, आणि सकाळी वर्गात गेली की परत पहिल्या पायरीवर. पत्र्याचा डबा काढून घेतला असे विद्यापीठाला वाटत होते. तो घरच्यांनी रोज रात्री पाठीला पुन्हा बांधला होता.

तिसऱ्या आठवड्यात तिने सांगितले, की आता फक्त रविवारी बोलू. अडचण असेल तर दोन ओळी पाठवीन, नाहीतर मी ठीक आहे असे समजा. घरात वादळ झाले. ‘सहा महिन्यांसाठी गेली आणि आई जड झाली!’ आईचे डोळे भरले. वडिलांनी त्या विद्यापीठालाच नावे ठेवली. आमच्या इमारतीतही दोन तट पडले. आजकालच्या मुलांना माया उरली नाही, हा बहुमताचा निकाल होता.

निकाल फिरवला आजीने. आजी मूळची धारवाडकडची. साठ वर्षांपूर्वी कानडी माहेरातून मराठी सासरी आली. ती सुनेला म्हणाली, ‘मलाही तीन-चार महिने बोलता येत नव्हतं. शेजारणींना वाटायचं, सून मुकी आणली. सासूबाई ‘पाट घे’ म्हणाल्या की मी पाटी आणायची, आणि सगळे हसायचे. माहेरचं कोणी चार दिवस राहून गेलं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. माहेर दूर होतं म्हणून तर मला तुमची भाषा आली.’

आजीचे हे बोलणे मी बरेच दिवस मनात घोळवले. भाषेत बुडवून काढण्याचा हा सगळा कारखाना आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालू होता आणि त्यातल्या विद्यार्थिनी होत्या आपल्या आज्या, आया, काकवा. बेळगावच्या, कारवारच्या, इंदूरच्या, बडोद्याच्या. कोणी भाषा बदलली, कोणी बोली. त्यांना शिष्यवृत्ती नव्हती, प्रमाणपत्र नव्हते आणि नकार देण्याची सोयही नव्हती. त्यांच्या मुकेपणाला आपण सोशिकपणा म्हणून मोकळे झालो. त्या सक्तीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण आजीवर जे लादले गेले ते नात स्वतःच्या मर्जीने पत्करत होती, आणि त्याची किंमत घरात फक्त आजीला कळली.

रविवारचा नियम ठरला. बाकीच्या सहा संध्याकाळी मुलीला तिथेच काढाव्या लागल्या. तैवानमध्ये कचऱ्याची गाडी सूर वाजवत येते. आपल्याकडे घंटागाडी असते तशी, फक्त तिथे पियानोवरची पाश्चात्त्य धून वाजते. गाडी आली की लोक पिशव्या घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे राहतात आणि आपली पिशवी आपण टाकतात. या रांगेत तिला एक म्हातारी भेटली. ती रोज विचारी, ‘जेवलीस का?’ मुलगी पहिल्यांदा प्रामाणिकपणे सांगू लागली, की दुपारी अमुक खाल्ले, रात्रीचे अजून राहिले आहे. हळूहळू तिच्या लक्षात आले, की हा प्रश्न नाहीच. आपल्याकडे जिन्यात भेटलेल्या वहिनी ‘झालं का जेवण?’ म्हणतात, तसा हा नमस्कार आहे. त्या रांगेत ती दहा मिनिटे उभी राही. वर्गातल्या तीन तासांत बसले नाही ते तिथे बसले. चौथ्या महिन्यात तिने म्हातारीला काहीतरी गमतीचे सांगितले आणि म्हातारी हसली. तिच्या चुकीला हसली नाही, विनोदाला हसली. तो दिवस ती आपल्या शिक्षणाचा दिवस मानते.

यावर कोणी म्हणेल, हल्ली फोनमध्ये यंत्र आहे, तेच क्षणात भाषांतर करते. मग कचऱ्याच्या रांगेत कशाला उभे राहायचे? यंत्र चांगले आहे, औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचायला मीही ते वापरीन. ते ‘जेवलीस का?’ हे शब्द बिनचूक सांगेलही. पण कचऱ्याची पिशवी हातात धरून, म्हातारीच्या तोंडाकडे पाहत, कोणत्या आवाजात काय उत्तर द्यायचे आणि कधी नुसते हसायचे, हे तिथे उभ्या राहणाऱ्यालाच कळते. आज ती अंधेरीच्या एका कंपनीत चिनी पत्रव्यवहार सांभाळते. यंत्राने केलेली भाषांतरे तिच्याकडे येतात आणि पत्र लिहिणारा रागावला आहे की नुसता घाईत आहे, हे ती सांगते. पगार त्याचा मिळतो.

मराठी माणसाने चिनी भाषेत घेतलेली सर्वांत खोल बुडी कोणाची, हे घरोघर माहीत आहे; पण ती भाषेची बुडी होती हे आपण विसरतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले, वय सत्तावीस-अठ्ठावीस. जपानशी युद्ध चालू असलेल्या उत्तर चीनच्या डोंगराळ मुलखात त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. पथकातले बाकीचे परतले, हे राहिले. तिथल्या वैद्यकीय शाळेत चिनी भाषेत शिकवण्याइतकी भाषा त्यांनी कमावली. १९४१ मध्ये डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले आणि त्याच वर्षी क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. मुलाचे नाव ठेवले इनहुआ. ‘इन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटाने त्यांचा त्याग घरोघर नेला. मला मात्र राहून राहून वाटते, की मराठीत विचार करणाऱ्या या तरुणाने पहिल्यांदा एखाद्या जखमी शिपायाला चिनीतून ‘कुठे दुखते?’ विचारले असेल तेव्हा त्याचाही सूर चुकलाच असेल. तिथे संध्याकाळी सोलापूरशी बोलण्याची सोय नव्हती. जे काही बोलायचे ते समोरच्या माणसाशीच बोलावे लागे.

याच्याशेजारी आजचे चित्र ठेवून पाहा. २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा चीनमधल्या विद्यापीठांत तेवीस हजारांच्या आसपास भारतीय विद्यार्थी होते, बहुतेक वैद्यकीय शाखेचे. त्यांत आपली मराठी मुलेही होती. त्यांचे हाल झाले, वर्गांसाठी परतायची परवानगी २०२२ च्या ऑगस्टनंतरच मिळू लागली, ती व्यथा खरीच आहे. पण तिथल्या शिक्षणाची एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पुस्तके इंग्रजीत, व्याख्याने इंग्रजीत आणि खाटेवरचा रुग्ण चिनीत. ज्याने वसतिगृहात देशी मित्र, देशी जेवण आणि रात्री घरचा फोन एवढ्यावर दिवस काढले, त्याच्यापुढे रुग्ण बोलत असतो आणि हा चार्ट वाचत असतो. पाच वर्षे चीनमध्ये राहूनही चीनला न भेटता परत येता येते. माझ्या मदुराईच्या बिऱ्हाडवाल्यांचीच ही पुढची पिढी.

आता ‘शत्रूची भाषा’ या आक्षेपाकडे वळतो. जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले. दुःख आणि संताप दोन्ही रास्त. त्यानंतर दीडेक महिन्यातच नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जाहीर झाले. २०१९ च्या मसुद्यात शाळेत शिकवता येतील अशा परकीय भाषांच्या उदाहरणांत चिनी होती, अंतिम धोरणात ती दिसली नाही. आमच्या वाकोल्याला लागून असलेल्या मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात २०१३ साली चिनी विद्यापीठाच्या सहकार्याने कन्फ्युशियस इन्स्टिट्यूट सुरू झाली होती. २०२० मध्ये अशा सगळ्याच संस्थांचा फेरविचार करण्याचे केंद्राने ठरवले. परक्या सरकारच्या पैशाने आपल्या विद्यापीठात भाषा शिकवली जाऊ नये, हे म्हणणे मला पटते. पण मग आपल्या पैशाने चौपट वर्ग उघडायला हवेत. ज्याच्याशी जुळत नाही त्याची खातेवही वाचायचीच नाही असे ठरवणारा बँक अधिकारी मी तरी पाहिला नाही. उलट ज्याच्याविषयी शंका त्याचे कागद आम्ही दोनदा वाचत असू.

जग असेच वागले आहे. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर बाँब टाकले, आणि अमेरिकी नौदलाने आपल्या तरुणांना जपानी शिकवण्याचा सपाटा लावला. त्या शाळेत शिकलेला डोनाल्ड कीन पुढे जपानी साहित्याचा जगन्मान्य अभ्यासक झाला. आपल्याकडेही वसंत परांजपे १९४७ मध्ये चिनी शिकायला पेकिंग विद्यापीठात गेले होते. १९५४ च्या ऑक्टोबरात पंडित नेहरू आणि माओ समोरासमोर बसले तेव्हा दुभाषा म्हणून हा मराठी माणूस तिथे होता. २०१८ ते २०२० या काळात परराष्ट्र सचिव असलेले विजय गोखले चिनी उत्तम जाणतात. चीन भारताशी वाटाघाटी कशा करतो यावर त्यांनी निवृत्तीनंतर पुस्तकच लिहिले. अशी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असावीत, हे एवढा मोठा शेजारी असलेल्या देशाला परवडणारे नाही.

आणि दुसऱ्या बाजूचाही दाखला आहे. जवळजवळ चौदाशे वर्षांपूर्वी ह्युएन त्संग चीनहून चालत इथे आला, नालंदात राहून शिकला, पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातून फिरला. इथली माणसे मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले. आपण त्या वेळी कसे होतो हे सांगणारा इतका ठसठशीत साक्षीदार एक चिनी प्रवासी आहे. तो इथली भाषा शिकून, वर्षानुवर्षे घरापासून दूर राहिला म्हणून ती साक्ष उरली.

ज्यांची मुले-मुली असे काही शिकायला बाहेर निघाली आहेत, त्या घरांना म्हणून थोडे सांगावेसे वाटते. भाषा चिनी असो, फ्रेंच असो वा कानडी. निघण्यापूर्वी घरात बसून ठरवा, की आठवड्यातून किती वेळा बोलायचे. एकदा ठरले की ते पाळण्याची जबाबदारी आईवडिलांची, कारण मुलाला एकटेपणात मोह होणारच. आजारपण, पैशाची अडचण, कोणी त्रास देत असेल तर कोणत्याही क्षणी फोन करायचा, हेही तितकेच निक्षून सांगा. नियम रोजच्या गप्पांना आहे, संकटाला नाही. मूल तिथे मुद्दाम एकटे पडले असेल आणि मुळीच बोलत नसेल, कोणाशीच नाही, तर ते वेगळे दुखणे आहे, तिकडे लक्ष द्या. आणि रविवारी बोलाल तेव्हा गुण विचारू नका. आज कोणाशी बोललास, कुठे फजिती झाली, ते विचारा. फजितीच्या गोष्टी वाढू लागल्या की पैसे वसूल होत आहेत असे समजा.

आपल्या पिढीने मुलांसाठी पुष्कळ काही केले. शिकवण्या लावल्या, कर्जे काढली, विमानतळावर सोडायला गेलो. वाकोल्याच्या डोक्यावरून दिवसभर विमाने जातात, त्यांतल्या कितीतरी विमानांत कुणाचे ना कुणाचे मूल असते. त्याला दूर पाठवणे आपल्याला जमले आहे. पोहोचल्यावर त्याला तिथे काही दिवस मुके राहू देणे, हे अजून शिकायचे आहे.